हळद सांगेल बॅटरीचा रोग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या भागात टॉर्चला कुणी टॉर्च म्हणत नाही. पुस्तकात ती विजेरी असते, दुकानाच्या पाटीवर टॉर्च असते. पण हिंगोली, कळमनुरी, सेनगावकडच्या कुठल्याही घरात विचारा, कोनाड्यात ठेवलेली असते ती 'बॅटरी' आणि तिच्यात घालायचे ते 'सेल'. शिकलेली पोरं या बोलण्याला कधीकधी हसतात. खरं पाहिलं तर शास्त्राच्या पुस्तकातही एकट्या घटाला सेल म्हणतात आणि असे दोन-तीन घट ओळीनं जोडले की त्या जोडणीला बॅटरी. म्हणजे आपल्या आजी-आजोबांची भाषा शास्त्रापासून फार दूर नव्हती. मीही आज बॅटरीच म्हणणार आहे.

ही बॅटरी एक दिवस अचानक लागत नाही. बटण पुढं सारलं, मागं ओढलं, तळहातावर आपटली, तरी अंधारच. मागचं झाकण फिरवून पाहावं तर ते जाम झालेलं. जोर लावून उघडलं तर आत पांढरी-हिरवी बुरशी दिसते, स्प्रिंग गंजलेली असते आणि सेल नळीला चिकटून बसलेले असतात. 'सेल पाझरले' असं आपण म्हणतो आणि बॅटरी उकिरड्यावर टाकतो. मला आज एवढंच सांगायचं आहे की पाझरलेल्या सेलची बॅटरी बहुतेक वेळा मेलेली नसते. तिच्यातून वीज जायची वाट अडलेली असते. ती वाट मोकळी करता येते आणि त्यासाठी लागणारं सामान आपल्या स्वयंपाकघरात असतं.

कुणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, मोबाईलला लाईट आहे, बॅटरीचं कौतुक कशाला? ज्याला रात्री पाणी फिरवायला जावं लागतं, त्याला हा प्रश्न पडत नाही. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज कधी दिवसा मिळते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की लाईट आल्याबरोबर आखाड्यावरून उठायचं, विहिरीवर जाऊन मोटार चालू करायची, धुऱ्याधुऱ्यानं चालत बारं मोडायचं आणि दुसरं लावायचं. वसमतकडं हळदीला तर महिनोन् महिने पाणी द्यावं लागतं. हात चिखलानं भरलेले, एका हातात खोरं, पाय घोट्यापर्यंत गाळात. अशा वेळी दहा-पंधरा हजारांचा मोबाईल कुणी तोंडात धरून चालत नाही. काखेत धरायला, चिखलात ठेवायला, पाण्यात पडली तर उचलून पुसायला बॅटरीच लागते. दिवसा वीज देण्यासाठी राज्य सरकारनं २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. हे काम पूर्ण होईल तेव्हा आनंदच आहे. तोवर शिवारातली रात्र आहे आणि त्या रात्रीत नाग, घोणस, मण्यारही आहेत.

आपल्याकडं साप चावला असं थेट म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. शब्द कितीही हळुवार वापरला तरी दुखणं तेवढंच राहतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. साप दिसला तर माणूस बाजूला होतो; तो दिसावा यासाठी पायापुढं उजेड लागतो. म्हणून कोनाड्यातली बॅटरी ऐन वेळी लागते की नाही, हा साधा प्रश्न राहत नाही.

आता सेल पाझरतो म्हणजे काय होतं ते पाहू. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण आठवडी बाजारात छत्री, कुलूप, स्टो आणि बॅटरी दुरुस्त करणारा जो कारागीर बसतो, त्याच्याजवळ बसून हे पाहिलं आणि त्याची कारणं मग रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राकडून समजून घेतली.

साधा, स्वस्त, मोठा सेल घ्या. बाहेरचं कागदाचं किंवा पत्र्याचं वेष्टण काढलं की आत जस्ताचा डबा असतो. डब्याच्या मधोमध कार्बनची काळी कांडी असते. कांडीभोवती मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची काळी पूड ओलसर करून ठासलेली असते. पूर्वीपासून ही ओल असायची नवसागराची, म्हणजे अमोनियम क्लोराईडची. अलीकडच्या बऱ्याच सेलांत जस्ताचंच एक क्षार, झिंक क्लोराईड, वापरतात. १८६६ साली जॉर्ज लक्लांशे नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं काचेच्या भांड्यात नवसागराचं पाणी घालून असा घट केला. तो तारयंत्राला चालायचा, पण खिशात घालून नेता येत नव्हता. १८८६ साली जर्मनीतल्या कार्ल गासनर नावाच्या डॉक्टरानं पाण्याऐवजी लगदा वापरला आणि जस्ताच्या कांडीऐवजी जस्ताचाच डबा केला. सांडायला पाणी नाही म्हणून तो 'कोरडा घट'. त्यानंतर १८९९ साली अमेरिकेत हातात धरायच्या विजेरीचं पेटंट निघालं. आपल्या कोनाड्यातल्या बॅटरीचं घराणं हे असं आहे.

यातला नवसागर आपल्या ओळखीचा आहे. पितळी भांड्यांना कल्हई करणारा गल्लीत यायचा, भट्टी पेटवायचा, भांडं तापवायचा आणि त्यात चिमूटभर पांढरी पूड टाकायचा. पांढराशुभ्र धूर उठायचा, नाकाला झोंबायचा, आणि काळवंडलेलं भांडं आतून लख्ख व्हायचं. मग त्यावर कथील धरायचं. ती पूड नवसागराची. तापला की त्यातून निघणारी द्रव्यं धातूवरचा मळ, म्हणजे ऑक्साइडचा थर, खाऊन टाकतात. बिदरी कामातही हाच नवसागर. आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं बिदरी हुक्का किंवा पानदान जुन्या घरांतून पाहिलेले लोक अजून सापडतील. बिदरीचा धातू म्हणजे बहुतांश जस्त आणि थोडं तांबं. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यात तो घातला की जस्त काळंभोर होतं आणि त्यावरची चांदीची नक्षी पांढरी राहते. कल्हईवाल्याच्या भट्टीत, बिदरच्या कारखान्यात आणि आपल्या बॅटरीत नवसागराचं काम एकाच जातीचं आहे. तो धातूला लागतो.

सेलमध्ये वीज तयार होते ती जस्त झिजून. म्हणजे आपण उजेड पाडतो तेव्हा सेल स्वतःचा डबाच थोडाथोडा खात असतो. हे लक्षात आलं की पुढचं सगळं उलगडतं. सेल संपत आला की डबा पातळ झालेला असतो. बटण चुकून चालू राहिलं, किंवा संपलेला सेल तसाच महिनोन् महिने आत पडला, तर डब्याला भोकं पडतात आणि आतला आंबट, खारा लगदा बाहेर येतो. तो स्प्रिंगला, पत्र्याला, पितळेच्या पट्टीला लागतो. पितळेवर आलेली हिरवी-निळी बुरशी म्हणजे तांब्याचा कळंक. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं म्हणतो ना, त्याचाच हा भाऊबंद.

दुसऱ्या जातीचा सेल म्हणजे अल्कलाईन. हा महाग असतो, पेन्सिल सेलांमध्ये जास्त दिसतो. याचा संसार उलटा आहे. बाहेरचा डबा पोलादाचा, त्याला लागून मँगनीज, आणि जस्ताची पूड मधोमध. ओल असते ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडची. हा आंबट नाही, हा दाहक अल्क आहे, कपडे धुण्याच्या सोड्यापेक्षा कितीतरी जहाल. पडून राहिलेल्या सेलमध्ये जस्त हळूहळू गंजतं, हायड्रोजन वायू तयार होतो, आत दाब वाढतो. सेल फुटू नये म्हणून तळाशी एक नाजूक जागा मुद्दाम ठेवलेली असते, ती उघडते आणि वायूबरोबर आतलं द्रव्य बाहेर येतं. बाहेरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची पांढरी, मिठासारखी बुरशी होते. अॅल्युमिनियमच्या नळीला तर हा अल्क खातच सुटतो.

म्हणजे रोग दिसायला एक, पण जाती दोन. एकात आम्ल, एकात अल्क. उपाय उलटसुलट आहेत. आम्लावर सोडा चालतो, अल्कावर लिंबू. लोक चूक करतात ती इथं. कुठं तरी ऐकलेलं असतं की बॅटरीला सोडा लावावा. अल्कलाईन सेलच्या बुरशीवर सोडा लावून काही होत नाही, कारण अल्कावर अल्क घातल्यासारखं ते होतं.

सेलवर 'अल्कलाईन' असं लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला. पण पुष्कळदा वेष्टण कुजून नाव पुसलेलं असतं. अशा वेळी आपल्या जिल्ह्याचीच वस्तू कामाला येते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीचा आणखी एक गुण सांगतो. हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेलं आहे. हळदीत अल्क मिसळूनच कुंकू करण्याची जुनी रीत आहे. हळद अल्काला लागली की लाल होते, आम्लाला लागली तर पिवळीच राहते. प्रयोगशाळेत लिटमस कागद असतो, आपल्याकडं हळद आहे.

कृती अशी. चिमूटभर हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाच्या पट्टीला लावा आणि वाळू द्या. आधी पट्टीच्या एका टोकाला साबणाच्या पाण्याचा थेंब लावून पाहा. ते टोक लाल झालं म्हणजे पट्टी विश्वासाची आहे. मग काडीच्या टोकानं बॅटरीतली थोडी बुरशी काढून पट्टीच्या दुसऱ्या टोकावर ठेवा, वर पाण्याचा एक थेंब सोडा. लाल झालं तर अल्क आहे, लिंबू घ्या. पिवळंच राहिलं तर अल्क नाही, खायचा सोडा घ्या. दवाखान्यात नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाहीत, तसं हे.

आता दुरुस्तीकडं वळू. आधी काळजीच्या गोष्टी. काम दिवसा, अंगणात, जुन्या वर्तमानपत्रावर करावं. हातात रबरी मोजे घालावेत, नसतील तर जाड पॉलिथिनच्या पिशव्या बांधाव्यात. डोळ्यांवर चष्मा असावा, साधा असला तरी चालेल. बुरशीवर फुंकर मारू नये, ती डोळ्यांत उडते. कातडीला लागलं तर भरपूर पाण्यानं धुवावं. डोळ्यात गेलं तर वाहत्या स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा मिनिटं डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टरकडं जावं. लहान मुलांना जवळ बसवू नये.

पुढचं डोकं, म्हणजे काच, वाटी आणि बल्ब, आधी काढून बाजूला ठेवा. त्याला पाणी लागू देऊ नका. मग सेल काढा. सहज निघाले तर उत्तम. चिकटले असतील तर नळी खाली तोंड करून लाकडी पाटावर हळूहळू ठोका. निघत नसतील तर अल्काच्या बुरशीवर लिंबाच्या रसाचे किंवा सिरक्याचे, म्हणजे व्हिनेगरचे, काही थेंब कडेनं सोडा. साध्या सेलच्या बुरशीवर कोमट पाण्याचे. अर्धा तास थांबा आणि दुसऱ्या टोकानं लाकडी दांड्यानं रेटा. सेलमध्ये खिळा किंवा स्क्रू घुसवून ओढायचा मोह टाळा, आत दाब असू शकतो. नळी चुलीवर किंवा स्टोवर तापवणं तर अजिबात नको. एवढं करूनही सेल निघाला नाही तर ती नळी सोडून द्यावी. डोकं आणि बल्ब दुसऱ्या बॅटरीला उपयोगी पडतात.

सेल निघाल्यावर जुन्या टूथब्रशनं कोरडी बुरशी कागदावर झाडून काढा. त्यानंतरच ओलं काम. कापसाचा बोळा काडीला गुंडाळा. लिंबाचं काम असेल तर रसात, सोड्याचं असेल तर अर्ध्या कप पाण्यात एक चमचा खायचा सोडा विरघळवून त्यात बुडवा, पिळा आणि बुरशीवर फिरवा. ओतायचं नाही, पुसायचं. थोडा फेस येईल. फेस थांबला की साध्या पाण्यानं ओला केलेला बोळा दोन-तीनदा फिरवा. हे टाळू नका. लिंबाचा रस तिथंच राहिला तर तोच पुढं गंज आणतो. कोरड्या फडक्यानं पुसून सगळे भाग उन्हात ठेवा. आपल्या उन्हाला हे काम सांगावं लागत नाही.

वाळल्यावर खरी दुरुस्ती सुरू होते, ती घासण्याची. बारीक पॉलिश पेपरनं स्प्रिंगचं टोक, पुढची पितळी बटणी आणि स्विचच्या आतली पट्टी चकाकेपर्यंत घासा. हलका डाग असेल तर शाळेतलं खोडरबरही पुरतं. आणखी एक जागा आहे, ती बहुतेकजण विसरतात. पत्र्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या बॅटरीत एका बाजूची वीज तारेतून जात नाही, ती नळीच्या अंगातूनच जाते. त्यामुळं झाकणाचे आटे आणि नळीची कडा हेसुद्धा विजेचे रस्तेच आहेत. आतलं सगळं चकचकीत आणि आट्यांत बुरशी, अशी बॅटरी लागत नाही आणि माणूस नव्या सेलांना शिव्या देतो.

थोडी बुरशी राहिली तर काय बिघडतं? हिशेब करून पाहू. दोन सेलची जुनी, बल्बवाली बॅटरी तीन व्होल्टची. तिचा बल्ब साधारण ०.३ अँपिअर वीज घेतो. वाटेत गंजामुळं एक ओहमचा जरी अडथळा आला तरी ०.३ व्होल्ट तिथंच खर्ची पडतात. तीनातला दहावा हिस्सा. बल्बचा उजेड तेवढ्यानं पिवळा, मलूल होतो. आपण म्हणतो सेल उतरले आणि चांगले सेल फेकून देतो. दोष असतो नखाएवढ्या जागेवरच्या गंजाचा.

तरीही लागली नाही तर वाट कुठं अडली ते शोधायचं. नवे सेल आणि तारेचा एक तुकडा घ्या. आधी तारेनं बल्ब थेट सेलला लावून पाहा. एलईडी असेल तर अधिक-उणं टोक बदलूनही पाहा, कारण एलईडी एकाच बाजूनं वीज घेते. बल्ब लागला म्हणजे बल्ब चांगला. मग सेल नळीत घाला आणि स्विचला वळसा घालून तार लावा. आता लागली तर खोट स्विचमध्ये. नाही लागली तर स्प्रिंग किंवा आटे. स्प्रिंगवरचा निकेलचा मुलामा खरवडून गेला असेल तर घासून चार दिवस चालेल, पुन्हा गंजेल. ती बदलावी. मोडक्या बॅटरीतली स्प्रिंग चालते, फक्त ती सेलला घट्ट दाबून धरणारी हवी. सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून मागं कोंबायची आपल्याकडं सवय आहे. एका रात्रीची नड भागते, पण चांदीचा तो कागद म्हणजे पातळ अॅल्युमिनियम. ओल लागली की दोन वेगळ्या धातूंच्या जोडावर गंज आणखी लवकर चढतो. सगळं जमल्यावर आट्यांना व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवावं. ओल आत शिरत नाही आणि झाकण पुढच्या वेळी सुखानं फिरतं.

एक इशारा. मी सांगितलं ते बदलायच्या सेलांच्या बॅटरीबद्दल. आता घरोघरी चार्जिंगच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्यातल्या काहींत शिसं आणि गंधकाम्लाची छोटी डबी असते, काहींत लिथियमचा सेल. लिथियमचा सेल फुगला असेल तर त्याला टोचायचं नाही, उघडायचं नाही, चार्जिंगला तर लावायचंच नाही. तो आग धरतो. ते काम घरचं नव्हे.

दुरुस्तीपेक्षा जपणूक सोपी. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नये. जुना आधी संपतो, मग नवा सेल त्याच्यातून जबरदस्तीनं वीज ढकलतो आणि संपलेला सेल पाझरतो. थकलेल्या बैलाला ताज्या बैलाबरोबर जुंपल्यावर जे होतं तेच. दोन जातींचे सेलही एकत्र नकोत. साधा सेल चार्जरला लावू नये. आणि उन्हापासून जपावं. चैत्र-वैशाखात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, आखाड्यावरच्या पत्र्याखाली त्याहून जास्त. उष्णतेत सेलच्या आतलं झिजणं वेगानं होतं. पत्र्याच्या छताला अडकवलेली बॅटरी पावसाळ्याच्या पहिल्या रात्री दगा देते, त्याचं बीज उन्हाळ्यात पेरलेलं असतं.

जी बॅटरी वर्षातून दोनदा लागते तिच्यातले सेल काढून शेजारी ठेवावेत. पण उशाशी ठेवायची बॅटरी तशी रिकामी ठेवता येत नाही. अंधारात सेल चाचपडत बसणार कोण? तिच्यासाठी महिन्यातून एकदा झाकण उघडून आत पाहायचा नेम करावा. संपलेला सेल त्याच दिवशी बाहेर काढावा.

काढलेल्या सेलचं काय? पूर्वी शाळेत फळा काळा करायला सेल फोडून आतली काळी पूड पानांच्या रसात कालवायचे. कांडी घेऊन पोरं भिंती रंगवायची. आता हे नको. मँगनीजची ती पूड श्वासात आणि पोटात जाण्यासारखी वस्तू नव्हे, आणि जुन्या सेलांत तर पाराही असायचा. सेल चुलीत टाकू नये, विहिरीत किंवा कयाधूच्या पात्रात तर नाहीच. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. खेड्यापर्यंत ती व्यवस्था पोचेपर्यंत वापरलेले सेल प्लास्टिकच्या बरणीत कोरडे साठवावेत आणि तालुक्याला जाताना ई-कचरा घेणाऱ्याकडं द्यावेत.

बाजारातला तो कारागीर अशा बॅटरीला हात लावायच्या आधी ती कानाशी धरून हलवायचा. आत सेल खुळखुळला तर म्हणायचा, "हिला उमेद आहे." खुळखुळ नसली म्हणजे सेल चिकटलेले, काम अवघड. आता अशी माणसं बाजारात कमी दिसतात. दुरुस्तीचे पैसे आणि नव्या प्लास्टिकच्या बॅटरीची किंमत यांत फरकच उरला नाही. त्याला कुणाचा इलाज नाही. पण तो जे करायचा त्यातलं बरंचसं आपल्या हातानं होण्यासारखं आहे. हळद, लिंबू, सोडा, पॉलिश पेपर आणि दुपारचा एक तास, एवढीच त्याची किंमत.

राहिला महिन्याचा नेम. तो लक्षात कसा राहायचा? पंचांग पाहणाऱ्यांनी अमावास्या धरावी, चांद पाहणाऱ्यांनी चांदरात धरावी. दोन्ही एक-दोन दिवसांच्या अंतरानं येतात आणि दोन्हींच्या आसपास रात्र सर्वांत काळी असते. त्या दिवशी घरातली बॅटरी खाली काढा, झाकण फिरवा, सेल हातावर घ्या, बोटानं स्प्रिंग पुसा आणि परत लावून एकदा भिंतीवर उजेड पाडून पाहा. रात्री बारं द्यायला जाणाऱ्याच्या हातात ती देताना, आतून कशी आहे हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.